चाळीस टक्के मालक, साठ टक्के कूळ

इंग्लंडमध्ये घर घ्यायला जितके महिने लागतात, तितके किस्से फुकट मिळतात. आणि शेअर्ड ओनरशिपमध्ये घेतलंत तर जरा जास्तच मिळतात. ते सांगायला मात्र माणसं लागतात. आमच्या बिल्डिंगमध्ये ती आहेत.

वॉटफर्डच्या एका टोकाला आमची चार मजली बिल्डिंग. सगळे फ्लॅट याच स्कीममधले. म्हणजे घराचा काही हिस्सा आपण विकत घ्यायचा आणि उरलेल्या हिश्श्याचं भाडं हाउसिंग असोसिएशनला द्यायचं. पुढे जमेल तसा आणखी हिस्सा घेत जायचा. आधी नितीनने घेतला, त्याचं बघून आम्ही घेतला, आमचं बघून वैशालीने तिसऱ्या मजल्यावरचा, काम अजून चालू असलेला, बुक केला.

वैशाली हॉस्पिटलात एक्स-रे काढते. एकुलती एक, आई नाही. तिचे वडील, अण्णा, साताऱ्याकडच्या एका गावातून सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते, परतीचं तिकीट काढूनच. पोरीच्या हातात घराची किल्ली पडलेली बघायची आणि मग जायचं, एवढंच त्यांचं इथलं काम. व्हिसा संपत आला तरी किल्लीचा पत्ता नव्हता. त्यामुळे आमच्याकडे रोज एकच विषय. किल्ली आधी की फ्लाइट आधी?

*

अण्णा रिटायर्ड तलाठी. उभी हयात सातबारा लिहिण्यात गेली. त्यांना ही स्कीम समजावून सांगायचं काम वैशालीने आमच्याकडे चहा पिता पिता काढलं.

"अण्णा, चाळीस टक्के माझं. साठ टक्के त्यांचं. त्या साठचं मी भाडं भरणार."

अण्णांनी कप खाली ठेवला. "म्हणजे चाळीस टक्के मालक आणि साठ टक्के कूळ?"

"हो, तसंच."

"एकाच गटात मालकही तू आणि कूळही तूच?"

"हो."

असा उतारा त्यांनी कधी लिहिला नव्हता. मग त्यांनी विचारलं, "आणि किती वर्षं राहिलं की कुळाच्या नावावर होतं?"

"होत नाही, अण्णा. थोडं थोडं करून विकतच घ्यायचं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "इतकी वर्षं राज्य केलं यांनी," ते म्हणाले, "आणि कूळकायदा अजून आला नाही इथे?"

*

आमच्या स्वतःच्या घराच्या वेळचा किस्सा भिशीचा आहे. माझी बायको मेधा इथल्या मराठी बायकांची भिशी चालवते. नितीनची बायको त्यात आहे, आणि तिचे पैसे दर महिन्याला नितीन मेधाच्या अकाउंटला पाठवतो. बँक ट्रान्सफर करताना रेफरन्स लिहावा लागतो. शहाण्या माणसाने तिथे "भिशी" लिहिलं असतं. नितीन लिहायचा "खंडणी".

आमच्या मॉर्गेजची अ‍ॅडव्हायझर फियोना नावाची एक शांत बाई होती. व्हिडिओ कॉलवर मेधाची स्टेटमेंट्स चाळत होती. मध्येच थांबली.

"हे खंडणी काय आहे? दर महिन्याला येतंय. मी ट्रान्सलेट करून बघितलं."

मेधा म्हणाली, "इट्स अ जोक."

"एक्स्टॉर्शन इज अ जोक?"

मग मेधाने भिशी समजावून सांगितली. दहाजणी दर महिन्याला पैसे काढतात, एकीला सगळे मिळतात, आणि मिसळ खातात.

"काँट्रॅक्ट असतं?"

"नाही."

"आणि समजा एखादीने पैसे घेतले आणि पुढचे हप्ते दिलेच नाहीत तर?"

"तर तिला हळदीकुंकवाला कोण बोलावणार?" मेधाने हे इंग्रजीतून सांगितलं. फियोनाने ते मान खाली घालून टाइप करून घेतलं.

शेवटी नितीनकडून सहीचं पत्र मागवलं गेलं. मिसेस मेधा माझ्याकडून खंडणी वसूल करत नाहीत, मी स्वखुशीने पैसे देतो, असं त्याने लिहून दिलं. मॉर्गेज पास झालं. नितीनला मी म्हटलं, बाबा रे, आता तरी सुधार. त्याने कबूल केलं. पुढच्या महिन्यात त्याने रेफरन्समध्ये लिहिलं, "नॉट एक्स्टॉर्शन".

बँकेने पेमेंट अडवून ठेवलं!

*

आमची इरा नऊ वर्षांची. जन्म इथलाच, त्यामुळे तिचं मराठी आमच्या घरासारखंच आहे, काही हिस्सा आपला, बाकीचा त्यांचा. टक्क्यांचं प्रकरण मात्र तिला आमच्या आधी कळलं.

एका रविवारी मेधा तिच्या खोलीत गेली आणि ओरडली, "इरा! काय पसारा आहे हा! आत्ताच्या आत्ता आवर!"

इरा शांतपणे म्हणाली, "मम्मा, मी माझा फोर्टी परसेंट आवरला."

खरंच, पलंग आणि टेबल लख्ख होतं.

"आणि हे बाकीचं?"

"तो हाउसिंग असोसिएशनचा आहे. त्यांना ईमेल कर ना."

*

नवं घर ताब्यात घेण्याआधी एकदा बघायला बोलावतात. काही मोडकंतोडकं असेल तर एका फॉर्मवर लिहून द्यायचं. फॉर्मवर सहा ओळी असतात. आम्ही आमच्या वेळी दोनच भरल्या होत्या आणि थँक यू म्हणून आलो होतो.

वैशालीच्या फ्लॅटला मी, नितीन, वैशाली आणि अण्णा असे गेलो. साइट मॅनेजर गॅरीने सगळ्यांना हेल्मेट आणि पिवळी जाकिटं दिली. अण्णांनी स्वेटरवर जाकीट, मफलरवर हेल्मेट चढवलं आणि पिशवीतून टेप काढली.

"एक टोक धर," त्यांनी गॅरीला मराठीत सांगितलं. गॅरीने धरलं.

दोन तास मोजणी चालली. अण्णा सांगत होते, वैशाली फूलस्केपवर लिहीत होती. "चतुःसीमा. पूर्वेस लिफ्ट. पश्चिमेस मोटारी उभ्या करण्याची जागा. दक्षिणेस शेजाऱ्याचा फ्लॅट, नाव समजून आले नाही. उत्तरेस सामाईक बोळ." मग एकेक खोली. न्हाणीघरातली फरशी ठोकून पाहिली, तीन ठिकाणी पोकळ वाजते. बेडरूमची खिडकी लागते, पण कडी बसत नाही. बेसिनखाली ओल, हात लावून खात्री केली. गॅरी म्हणाला, ते कंडेन्सेशन असेल. अण्णा म्हणाले, "याचं म्हणणंही लिहून घे. त्याची बाजू आली पाहिजे."

चार पानं झाली. शेवटी नेहमीचं वाक्य, वरीलप्रमाणे पंचनामा आमचे समक्ष केला असून तो खरा व बरोबर आहे. पंच क्रमांक एक मी, दोन नितीन. तीन नंबरला त्यांनी गॅरीपुढे पेन केलं.

"मी कशावर सही करतोय?" गॅरीने मला विचारलं.

"की तू इथे होतास."

"वेल, आय वॉज," असं म्हणून गॅरीने सही केली.

नितीनने त्या पंचनाम्याचं इंग्रजी केलं आणि वैशालीने तो पाठवला. तीन दिवसांत असोसिएशनचं उत्तर आलं. सर्व मुद्दे मान्य, दुरुस्ती चालू आहे. आणि खाली एक नम्र विनंती होती, आपल्या सर्व्हेयरच्या फर्मचं नाव कळवावं.

*

फरश्या बसल्या, कडी बसली. अण्णांची फ्लाइट गुरुवारची. बुधवारी किल्ली, असं ठरलं. आणि सोमवारी सकाळी सॉलिसिटरचा फोन आला की एक कागद राहिलाय.

डिपॉझिटचे पैसे अण्णांनी दिले होते, गावाकडचं दीड एकर विकून. बापाने मुलीला घरासाठी पैसे दिले की इथे त्याच्याकडून लिहून घेतात. हे बक्षीस आहे, या घरावर माझा कोणताही हक्क नाही आणि पुढे मी तो सांगणार नाही. या फर्ममध्ये तर अशी सही समोर बसवूनच घेतात. वैशालीची ड्यूटी होती, म्हणून अण्णांना मी घेऊन गेलो, ड्रायव्हर आणि दुभाषा म्हणून. त्या दिवशी सही झाली नसती तर बुधवार गेला असता, आणि अण्णा घर न बघताच विमानात बसले असते.

सॉलिसिटर हेलन, पन्नाशीची. तिने पासपोर्ट तपासला आणि कागद पुढे केला. मी एकेक ओळ मराठीत सांगत गेलो. अण्णांनी मला मध्येच थांबवलं.

"कळलं. हक्कसोड पत्र आहे हे."

"हो, तसंच काहीतरी."

"तसंच काहीतरी नाही, तेच आहे. बाप गेला की बहिणी भावांना लिहून देतात. माझ्या हातनं किती झाली असतील, मोजदाद नाही. मुलीने बापाला, बहिणीने भावाला. बापाने मुलीला दिलेलं हे पहिलंच बघतोय."

त्यांनी पेन उघडलं. पण हेलनने हात वर केला. सहीआधी तिला एक प्रश्न विचारणं भाग होतं. मी तो सांगितला. "त्या विचारतायत, तुम्ही हे तुमच्या मर्जीने करताय ना? कुणी दबाव आणलेला नाही ना? नाही म्हणायचं असेल तर आत्ताही म्हणू शकता."

अण्णांनी पेनचं टोपण परत लावलं.

"हे विचारतात?" ते म्हणाले.

"हो. विचारावंच लागतं म्हणे."

"प्रत्येकाला?"

"हो, अण्णा."

ते खिडकीबाहेर बघत बसले. घड्याळाकडे माझं लक्ष होतं, हेलनचं माझ्याकडे. मग अण्णा माझ्याशी बोलावं तसं बोलले, पण माझ्याकडे बघत नव्हते. "ते दीड एकर विकलं ना, त्यातलं निम्मं आक्काचं. माझी थोरली बहीण. आमचे वडील गेल्यावर तिनं सही करून दिली. कागद मीच लिहिला होता. सही झाल्यावर तिला साडी घेतली, हिरवी. आणि जेवायला घातलं."

"व्हॉट डिड ही से?" हेलनने विचारलं.

एवढी वर्षं इथे काढली, इंग्रजीत नोकरी केली, पण या वाक्यांचं इंग्रजी मला सुचेना.

"ही सेज येस," मी म्हणालो.

अण्णांनी सही केली. मोडी वळणाची, लांबलचक.

बुधवारी दुपारी आम्ही सगळे तिसऱ्या मजल्यावर जमलो. वैशालीने ड्यूटीचे कपडेही बदलले नव्हते. तिने किल्ली अण्णांच्या पुढे धरली. "अण्णा, तुम्ही उघडा."

"मी नाही. मी लिहून दिलंय. तू उघड."

"अहो अण्णा, आता काय तुम्ही!" पण कुलूप तिनेच उघडलं. आत कार्पेटचा नवा वास होता आणि दुसरं काहीच नव्हतं. मेधा रडत होती, नितीन फोटो काढत होता. अण्णा दारातच उभे राहिले आणि मला म्हणाले, "आक्काला व्हिडिओ लाव."

लावला. गावाकडे संध्याकाळ झाली होती. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कान, मग आक्का.

"आक्का," अण्णा म्हणाले, "एक विचारायचंय. त्या हक्कसोडीवर सही करताना तुला कुणी विचारलं होतं का गं, तुझी मर्जी आहे का म्हणून?"

मला वाटलं, नेटवर्क गेलं.

"कुणी विचारलं नव्हतं," शेवटी ती म्हणाली. "तूसुद्धा नाही." मग तिने डोळे बारीक करून फोन जवळ घेतला. "तू बाजूला हो आता. पोरीचं घर दिसू दे."

अण्णा बाजूला झाले.