बंद इंजिनावर शिकलेली स्कूटर

सातच्या बातम्यांत "मध्यरात्रीपासून पेट्रोल महाग" असं सांगितलं की नाशिकरोडची आमची अख्खी गल्ली पंपाकडे धावायची. बाबाही जायचे. इंजिन बंद ठेवून स्कूटर ढकलत तासभर रांगेत पुढे सरकायचे आणि लिटरभर पेट्रोल घेऊन गड जिंकल्याच्या थाटात परत यायचे. लिटरभरच, कारण टाकी भरलेली असली की माणूस उधळ्या होतो, असं त्यांचं ठाम मत होतं. रोज सकाळी ते स्कूटर गदागदा हलवायचे, कान लावायचे आणि आतून खळखळ ऐकू आली की म्हणायचे, "आहे."

नव्वदच्या दशकात भाव चढत गेले आणि बाबांचे कायदेही वाढत गेले. रविवारची गंगापूर धरणाची फेरी बंद झाली, तिच्या जागी गच्चीवर भेळ आली. एका किकमध्ये तीन कामं झालीच पाहिजेत, हा नियम आला. त्यापायी एकदा आम्ही सांत्वनाला गेलो ते गिरणीतून, पिठाचा डबा सोबत घेऊन. सगळे डोळे पुसायचे थांबून डब्याकडे बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी घरातल्याच एका काकूंनी हळूच विचारलं, "कुठली हो गिरणी? बारीक दळते का?"

आणि सगळ्यात कडक कायदा म्हणजे, उतार दिसला की इंजिन बंद!

मी सातवीत असताना आईला एकलहऱ्याच्या एका शाळेत नोकरी मिळायची वेळ आली. तिथल्या मुख्याध्यापिकाबाईंची अट एकच होती: सोमवारी सकाळी सातच्या ठोक्याला हजर, नाहीतर दुसऱ्या उमेदवार आहेतच. तिकडची बस मनात आलं तर यायची. माझ्या जन्मापासून आईचं डीएडचं सर्टिफिकेट कपाटात साड्यांच्या खाली पडून होतं. ती म्हणाली, "मी स्कूटर शिकते."

"अगं, शिकण्यातच दोन लिटर जळेल!"

"उतारावर तुम्ही तरी कुठे इंजिन चालू ठेवता?"

दुसऱ्या दिवसापासून नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आईचं शिक्षण सुरू झालं, तेही बिनपेट्रोलचं. आई पदर खोचून बसायची, बाबा मागून ढकलून द्यायचे आणि ती आवाज न करता सुसाट खाली जायची. खाली पोचली की मी आणि बाबा स्कूटर ढकलत वर आणायचो. अडचण एकच. आमच्या त्या जुन्या स्कूटरचा हॉर्न इंजिन चालू असेल तरच वाजायचा. मग आई तोंडानेच ओरडायची, "पीं-पीं! अहो आजोबा, पीं-पीं!" आजोबा उडी मारून बाजूला व्हायचे आणि मी हसून हसून रस्त्यावरच बसायचे. इतकी मजा आमच्या घरात त्याआधी कधी झाली नव्हती. रविवारी बाबांनी मन घट्ट करून इंजिनासकट दोन फेऱ्या मारू दिल्या. फक्त दोन.

सोमवारी सकाळी आईने स्कूटर हलवली आणि कान लावला. पुन्हा हलवली. खळखळ नाही.

"पेट्रोल संपलंय," ती म्हणाली. "आजच्या दिवशी तरी, अहो! आजच्या दिवशी तरी!"

बाबांनी सीट उचलून टाकीचं झाकण उघडलं. पेट्रोल गळ्यापर्यंत भरलेलं होतं. काठोकाठ भरलेली टाकी वाजत नाही, हे आमच्यापैकी कुणाला माहीत असणार? आमची टाकी कधी भरलीच नव्हती.

माझी शाळा दुपारची, म्हणून मीही निघाले; स्कूटरवर मी पुढे उभी राहिले, बाबा मागे बसले. स्कूटर दोनदा उडी मारून बंद पडली, तिसऱ्यांदा निघाली. आता हॉर्न चांगला वाजत होता, तरी आई "पीं-पीं" ओरडतच होती आणि एकलहऱ्याच्या रस्त्यावरचे सायकलवाले वळून वळून बघत होते. एक उतार आला. सवयीने आईचा हात किल्लीकडे गेला.

"राहू दे चालू," मागून बाबा म्हणाले.

माझा विश्वासच बसेना. सातला दहा मिनिटं कमी असताना आई शाळेच्या फाटकातून आत गेली. स्कूटर तिच्याकडेच राहिली, आणि मी नि बाबा बसस्टॉपवर उभे राहिलो. साडेसात झाले, आठ झाले, बस काही आली नाही. आम्ही चालायला लागलो. बाबा चक्क शीळ घालत होते.

"बाबा, ऑफिसला उशीर होईल ना?"

"होऊ दे," ते म्हणाले. "तुझ्या आईला नाही झाला."