उत्तर माहीत नसलेले गुरुजी

कळमवदच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवणाऱ्या जीवराम गुरुजींना एकही वाईट सवय नव्हती. तंबाखू नाही, चहा बेताचा, आणि रागावले तरी आवाज असा की समोरच्याला वाटावं, तब्येतीची चौकशी चालली आहे. एकच खोड होती, आणि तीही दयाळूपणातून आलेली. प्रश्न विचारला की समोरच्या पोराचा अडकलेला चेहरा त्यांना बघवत नसे. मग ते स्वतःच उत्तर द्यायला घेत आणि शेवटचं अक्षर तेवढं मुलांसाठी शिल्लक ठेवत.

“भारताची राजधानी कोणती? दि... दिल्...?”

“ल्ली!” वर्ग गर्जायचा.

“सूर्य कुठे उगवतो? पू... पूर्वे...?”

“ला!”

“सात आठे छप्प...?”

“न्न!”

शाळेच्या भिंतीला लागूनच रस्ता. तिथून जाणाऱ्या आयाबाया हा गजर ऐकून धन्य व्हायच्या. पोरं काय हुशार झाली! प्रत्यक्षात तेवीस मुलांना साऱ्या जगाची फक्त शेपटं ठाऊक होती. चौथीतल्या एखाद्याला एकट्याला गाठून “राजधानी कोणती रे?” असं विचारलं, तर तो कुणीतरी “दिल्” म्हणेल म्हणून वाट बघत उभा राही.

घरीही तेच. रूपाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, “अहो, उद्या जरा...” एवढं म्हणाल्या की गुरुजी “बाजाराला जाऊ!” म्हणून मोकळे. रूपाताईंना म्हणायचं असे की उद्या जरा गप्प बसा. पण लग्नानंतर त्यांचं एकही वाक्य स्वतःच्या पायांनी मुक्कामाला पोहोचलं नव्हतं.

या खोडीची किंमत गुरुजी चौतीस वर्षं मोजत आले होते. शाळेला भेट द्यायला साहेब आला की तो शेरेबुकात शेरा लिहून जातो. गुरुजींनी नोकरीभरातले आपले सगळे शेरे एका निळ्या वहीत उतरवून ठेवले होते. बोदवड, चोपडा, पारोळा आणि शेवटी अमळनेर तालुक्यातलं हे कळमवद. साहेब बदलले, शाई बदलली, शेरा बदलला नाही: ‘मुलांना बोलते करावे.’ एका साहेबाने दोनदा अधोरेखित केलं होतं. एकाने नुसतंच ‘मुले?’ असं लिहिलं होतं.

येत्या मे महिन्यात गुरुजी निवृत्त होणार होते. दिवाळीच्या सुटीआधी विस्तार अधिकारी येणार, ती त्यांच्या वर्गाची शेवटची भेट. त्यांना सत्कार नको होता, शाल नको होती. वहीच्या शेवटच्या पानावर एकच शब्द हवा होता: उत्तम.

भाद्रपद पौर्णिमा झाली आणि गावात भुलाबाई बसली. आमच्याकडे कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी रोज संध्याकाळी घरोघरी जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात. गाणी संपली की घरची बाई झाकलेला डबा पुढे ठेवते. आत काय खाऊ आहे ते ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. बायका त्यात इरेला पेटतात. कळमवदमध्ये या बाबतीत अजिंक्य होत्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या धुरपदाबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणे. त्यांचा डबा लवकर ओळखला गेला, तर अक्का दोन दिवस कुणाशी बोलत नसत.

त्या दिवशी अक्का वर्गाच्या दारात डाळ निवडत बसल्या होत्या. आतून “ल्ली” आणि “न्न” ऐकू येत होतं. शेवटी त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“गुरजी, एक सांगू का?”

“सांगा ना. खिचडीतलं तेल...”

“तेल नही! माले बोलू द्या.” अक्का उठून आत आल्या. “ह्या पोरी काल मना दारमा इतल्या बोलन्यात, इतल्या बोलन्यात, का मना कान दुखाले लागनात. आन आठे मुक्या. काब?”

का मुक्या, ते गुरुजी शोधायला लागले. उत्तर त्यांना माहीत नव्हतं.

“कारण तुम्हाले सारं बठ्ठं माहीत शे,” अक्का म्हणाल्या. “ज्याले माहीत शे, तो बोलस. बाकीना ऐकतस.”

दुसऱ्या दिवशी अक्कांनी आपला स्टीलचा डबा आणून गुरुजींच्या टेबलावर ठेवला. झाकणाला दोरा बांधलेला.

“काय आहे यात?” गुरुजींनी विचारलं.

“तुम्हाले सांगसू? मंग झायंच कल्याण!”

तेवीस जणांनी बघितलं की आज गुरुजींनाही माहीत नाही. अशी गोष्ट त्या वर्गात पूर्वी घडलेली नव्हती. गुरुजींनी सवयीने सुरुवात केली, “ला... लाडू?” अक्कांनी मान हलवली. “चि... चिवडा?” पुन्हा नाही. गुरुजींचा साठा संपला. आणि मग पहिल्या रांगेतून दिपमाला उठली. ही चौथीतली, गल्लीत मोठ्या बायकांशी भांडणारी, वर्गात मात्र वर्षभर नुसती शेपटं पुरवणारी.

“आंबट शे का?”

“नही.”

“तोंडमा टाकं का इरघळस?”

“नही. चावनं पडस.”

“झाडवर लागस?”

“नही.”

“जमीनमा?” दुसरा ओरडला.

“नही.”

वर्ग चक्रावला. झाडावर नाही, जमिनीत नाही, मग काय आभाळात पिकतं? गुरुजी टेबलावर पुढे वाकले होते. त्यांनाही खरोखर जाणून घ्यायचं होतं. इतक्यात खिडकीजवळून बारीक आवाज आला, “पाणीमा?”

ती शीतल होती. तिचे आईवडील सातपुड्याकडून आलेले, गावातल्या एका शेतावर वर्षाच्या बोलीने सालदार म्हणून राबणारे. दोन वर्षांत तिचा आवाज कुणी धड ऐकलेला नव्हता. दिपमालाने वळून तिच्याकडे बघितलं आणि किंचाळली, “शिंगाडा!”

अक्कांनी दोरा सोडला. उकडलेले शिंगाडे! वर्गात जो आरडाओरडा झाला, त्याने पलीकडच्या खोलीतली पहिली-दुसरी घाबरून रडायला लागली. गुरुजींनी एक शिंगाडा सोलला आणि बराच वेळ न खाता हातात धरून ठेवला. माहीत नसणं किती छान असतं, हे त्यांना सत्तावन्नाव्या वर्षी कळत होतं.

मग नियमच झाला. रोज एका मुलाने डबा भरून आणायचा आणि गुरुजींना आधी सांगायचं नाही. डब्यातून सापाची कात आली, सुगरणीचं घरटं आलं. एकदा बोंडातली गुलाबी अळी आली आणि सबंध दुपार तिच्या जेवणाखाण्याच्या चौकशीत गेली. कोजागिरी झाली, भुलाबाई गेली, डबा काही गेला नाही.

गुरुजींनी त्यातून स्वतःसाठी एक शिस्त काढली: ज्याचं उत्तर आपल्याला माहीत आहे, ते विचारायचंच नाही. शाळेपासून तुझं घर किती पावलं? तुझ्या गल्लीत लिंबाची झाडं किती? गुरुजींना खरंच माहीत नव्हतं. मुलं मोजून यायची, बेरजा करायची, चुकायची, एकमेकांची पावलं छोटी-मोठी म्हणून भांडायची. भांडण मिटवायला पट्टी लागली, मीटर लागला, मग पावलांची सरासरी लागली. हे सगळं पुस्तकात सतराव्या पानावर होतं. गुरुजींनी ते पान उघडलं, तेव्हा मुलं तिथून पुढे गेलेली होती.

कापूस वेचणी सुरू झाली की दरवर्षी अर्धा वर्ग आईच्या मागे शेतात जाई. यंदा भागाबाईने, म्हणजे दिपमालाच्या आईने, शाळेत येऊन तक्रार केली. “गुरजी, ही पोरगी वावरमा येत नही. म्हनस, आज डबामा काय शे ते माले देखनं शे. काय खायेल शे हिन्ही?”

खोड मात्र मेली नव्हती, नुसती दबा धरून होती. कुणी अडलं की गुरुजींच्या ओठावर पहिलं अक्षर येई. यावर अक्कांनी औषध काढलं: शेंगदाण्याची चिक्की, अशी चिवट की दाताला बसली म्हणजे दहा मिनिटं माणूस राजकारणावरसुद्धा बोलू शकत नाही. भेटीच्या दिवशी सकाळी त्यांनी मोठा तुकडा गुरुजींच्या हातावर ठेवला. “साहेब उना का तोंडमा टाका. आन पोरीसवर भरोसा ठेवा.”

साहेब आले साडेदहाला, मोटारसायकलवरून. विस्तार अधिकारी प्रेमराज सैंदाणे. माणूस सज्जन, पण पूर्वी वीस वर्षं शिक्षक होता. तो टेबलाशेजारच्या जुन्या खुर्चीत बसला, वर्गाकडे बघून हसला आणि म्हणाला, “हं, मुलांनो! महाराष्ट्राची राजधानी कोणती? मुं...?”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

गुरुजी चपापले. साहेब आपल्यातलाच निघाला! तोंडात चिक्की, आणि तिच्यामागे एक ‘बई’ बाहेर यायला धडपडत होती.

“मुं...?” साहेबांनी पुन्हा टोक पुढे केलं.

तेवीस मुलं आदराने वाट बघत राहिली. कुणी ते टोक धरलं नाही. साहेबांचा हात शेरेबुकाकडे वळला. गुरुजींना आतापासून ती ओळ दिसायला लागली. चौतीस वर्षांची ओळखीची ओळ.

तेवढ्यात दिपमाला उठली. “साहेब, तुम्हाले माहीत शे का नही?”

“मला? मला माहीत आहे की!”

“मंग आम्हाले काब विचारतस? मुंबई, हे आम्हालेबी माहीत शे. आमना गुरजी, त्यासले माहीत नसस तेच विचारतस.”

दाराबाहेर अक्कांच्या हातातला झारा थांबला. साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी तोंड उघडायचा प्रयत्न केला, पण शेंगदाण्यांनी परवानगी दिली नाही. त्यांचा चेहरा मात्र असा गंभीर दिसला, की साहेबांना वाटलं ही काहीतरी नवी शिक्षणपद्धती असावी आणि आपण परिपत्रक वाचलेलं नसावं.

“असं?” साहेब सावरून बसले. “मग मला माहीत नाही असं काय आहे तुमच्याकडे?”

शीतल उठली, डबा घेऊन आली आणि साहेबांच्या मांडीवर ठेवला. “वळखा,” ती म्हणाली. “विचारा, आम्ही सांगसूत.”

साहेबांनी डबा कानाशी हलवला. आत हलकी खडखड झाली. “खायचं आहे का?”

“नही,” वर्ग म्हणाला.

“औषध?”

“नही.”

“पेरतात?”

“हा!” शीतल म्हणाली. “पन पेराना पहिले भिजाडनं पडस. मंग वाळाडनं. परत भिजाडनं. मना आजानी शिकाडेल शे. बठ्ठा उगतसच असं नही.”

“मिरची? वांगी?”

वर्ग हसायला लागला. साहेबांनी टाय नसतानाही गळ्याशी हात नेला. घरात लागतं का? हो. जड असतं का? बी हलकं, मोठं झालं की चार माणसांना उचलत नाही. पान केवढं? शीतलने दोन्ही हात पसरले. तरीही साहेबांना उमजेना.

“एक खूण सांगू?” शीतलला त्यांची दया आली. “तुम्ही आते त्याच्यावरच बठेल शेतस.”

साहेब ताडकन उठले आणि मागे वळून खुर्चीकडे बघायला लागले. “डब्यात खुर्ची?”

आता हसणं आवरणं कुणालाच शक्य नव्हतं. गुरुजींच्या डोळ्यांतून पाणी आलं. साहेबांनी खुर्चीच्या हातावर बोट फिरवलं, रेषा बघितल्या, आणि अचानक त्यांच्यातला शिक्षक बाजूला होऊन चौथीतला एक मुलगा ओरडला, “साग! सागाचं बी!”

टाळ्यांनी पत्रे हादरले. त्यानंतर तास साहेबांचा राहिलाच नाही. रोप यायला किती दिवस लागतात? पेरलेल्यांतली किती झाडं जगली तर जंगल म्हणायचं? ही खुर्ची किती वर्षांच्या झाडाची? तीन प्रश्नांना साहेबांनी सरळ हात टेकले. मुलं त्यांना रागावली नाहीत, उलट दिपमालाने धीर दिला, “राहू द्या साहेब, सावकाश सांगा.”

साहेबांनी शेरेबुक ओढलं आणि बराच वेळ लिहिलं. मग ते गुरुजींसमोर ठेवून त्यांनी हात जोडले, अक्कांची खिचडी दोनदा घेतली आणि निघून गेले.

गुरुजींनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग ते धावत बाहेर गेले आणि भर दुपारी, सुटीची वेळ नसताना, शाळेची घंटा अशी बडवली की आसपासच्या शेतांत वेचणी करणाऱ्या बायका दचकून उभ्या राहिल्या. काहीतरी पेटलं! ओटीतला कापूस तसाच घेऊन, वाटेत सांडत, त्या शाळेकडे पळत सुटल्या. भागाबाई सगळ्यांच्या पुढे.

“काय झायं? काय झायं, गुरजी?”

चिक्की एव्हाना विरघळली होती. शाळेच्या पायरीवर उभं राहून, पंधरावीस धापा टाकणाऱ्या आयांसमोर गुरुजींनी शेरेबुक दोन्ही हातांत धरलं आणि मोठ्याने, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, स्वतः वाचलं:

“मुले निर्भयपणे व विचारपूर्वक बोलतात. त्यांच्या तीन प्रश्नांची उत्तरे मला देता आली नाहीत. ती शोधून पुढील महिन्यात स्वतः येऊन देईन. अध्यापन उत्तम.”

शीतलची आई मागे उभी होती. तिने पुढच्या बाईला बाजूला सारून पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. भागाबाईने ओटीतला कापूस सावरला.

“परत वाचा,” ती म्हणाली.

गुरुजींनी परत वाचलं.