वर्धेतले सहा खुंट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती गेली, आणि जाताना माझ्याबद्दल चांगलं मत घेऊन गेली. देवापुढे हात जोडतो तेव्हाही एवढं एक वगळून बाकीचं सगळं सांगतो. म्हणजे देवाशीसुद्धा लबाडीच की! आज तुम्हाला लिहून सांगायला बसलो आहे. अक्षर वेडंवाकडं येईल, ते चालवून घ्या.

आधी सोपं ते सांगतो. मला पाण्याची भीती वाटते. हसलात ना? हसा. अमरावतीच्या हौदावर ज्याला लोकांनी वर्षानुवर्षं शिट्टी घेऊन बसलेलं पाहिलं, वकील-डॉक्टरांची पोरं ज्याच्या हाताखाली पोहायला शिकली, तो माणूस नदीत छातीच्या वर पाणी आलं की लटपटतो. पण भीती वाटणं हा काही माझा गुन्हा नव्हे. ती कुणालाही वाटते. ती झाकायला मी जे केलं, ते सांगायचं आहे — आणि तिथे पोचेपर्यंत मी दहा वळणं घेणार, हे मला आत्ताच दिसतं आहे.

जन्माचा भित्रा नव्हतो हो मी. वलगावला आमचा माळ्याचा मळा. वांगी, मेथी, कडेनं झेंडू. बापानं पाठीला वाळलेला भोपळा बांधून मोटेच्या विहिरीत ढकललं, आणि तिसऱ्याच दिवशी मी भोपळा सोडून दिला. पुढे आजूबाजूच्या गावात कुणी विहिरीत पडलं की आधी मला बोलावणं यायचं. त्यातूनच वर्धेकाठच्या एका गावच्या पाटलांनी मला कार्तिकातल्या यात्रेला घाटावर ठेवलं. गावाचं नाव लिहीत नाही. कौंडण्यपूरच्या खालच्या अंगाला, एवढं पुरे. आता ‘जीवरक्षक’ असा भारदस्त शब्द निघाला आहे. तेव्हा आम्हाला नुसतं ‘घाटाचा पोहणारा’ म्हणायचे.

घाटाच्या पोहणाऱ्याचं खरं काम यात्रेच्या आधीच असतं. पावसाळ्यात नदी वाळू इकडची तिकडे करते. गेल्या साली गुडघाभर पाणी होतं तिथे यंदा माणूस बुडेल इतका खड्डा. म्हणून दिवाळी झाली की पोहणाऱ्यानं नदीत उतरायचं, सगळा घाट पायानं तुडवायचा, बांबूनं चाचपायचा, आणि डोहाच्या अलीकडे बाभळीचे सहा खुंट ठोकायचे. खुंटांना दोर, दोराला तांबडी फडकी. बायाबापड्यांनी दोराच्या आत आंघोळ करायची. रीत अशी, की प्रत्येक खुंटापाशी बुडी मारून तळाची मूठभर माती वर आणायची आणि काठावर मांडून ठेवायची. सहा खुंट, सहा मुठी. पाटील त्या पाहतात आणि मग घाट मोकळा करतात. आणखी एक रीत होती, ती लक्षात असू द्या. एकानं ठोकलेले खुंट दुसऱ्या पोहणाऱ्यानं तपासायचे नाहीत. तो मोठा अपमान. ज्यानं बुडी मारली, त्याचा शब्द शेवटचा.

तीन वर्षं मी हे सगळं नेमानं केलं. तिसऱ्या वर्षी यात्रेत एक धिप्पाड गडी दोराबाहेर गेला आणि गटांगळ्या खाऊ लागला. मी झेप घेतली. त्यानं माझ्या मानेला मिठी मारली आणि मला खाली दाबलं. किती वेळ? कुणास ठाऊक. गढूळ पाणी, डोळ्यांपुढे काही नाही, आणि त्याचे ते हात — लोखंडाचे असावेत असे. मी त्याच्या पोटात लाथ घातली आणि सुटलो. त्याला सोडून सुटलो. तो वर आला तो नावाड्यांच्या हाती लागला म्हणून वाचला. पण काठावरच्या लोकांनी मलाच खांद्यावर घेतलं. पाटलांनी फेटा बांधला, नारळ दिला. मी नाही म्हणालो नाही. तिथून पुढे साध्या रांजणात तांब्या बुडवतानाही माझा श्वास अडकायचा. पण फेटा बांधलेल्या माणसानं हे सांगायचं कुणाला?

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर खुंट ठोकायला गेलो. पाणी गार होतं. मांडीपर्यंत गेलो, कमरेपर्यंत गेलो. छातीला पाणी लागलं तशी पायाखालची वाळू जराशी सरकली. जराशीच — नेहमी सरकते तेवढी. आणि मी परत काठावर होतो. कसा आलो ते आठवत नाही. दात वाजत होते. काठावर कुणी नव्हतं, पाटील तासाभरानं येणार होते.

मग मी काय केलं? नाव घेतली. गेल्या सालचे खुंट कुठे होते ते मला पाठ होतं, पायऱ्यांच्या कोपऱ्यापासून पलीकडच्या उंबराच्या रेषेत. त्याच रेषेवर नावेत उभा राहून मी सहाही खुंट ठोकले. खुंट रुतले, म्हणजे खाली तळ आहे, असं मनाला बजावलं. खुंटांच्या अलीकडे, जिथे बाया उभ्या राहणार, तिथे काय आहे? ते पायानं तुडवल्याशिवाय कळत नाही. ते मी तुडवलं नाही. मुठींचं म्हणाल, तर घोट्याएवढ्या पाण्यातून सहा मुठी वाळू उचलली आणि काठावर ओळीनं मांडली. वरून डोकं भिजवून घेतलं. पाटील आले, त्यांनी मुठी पाहिल्या, माझे ओले केस पाहिले, आणि म्हणाले, “थंडी वाजून राह्यली न? चाल, चहा घे.” मी गेलो आणि चहा प्यायलो.

इथेच थांबलो असतो तरी एक वेळ — पण नाही. मी तिथून पळ काढायचं ठरवलं.

त्या दिवसांत माझ्यापुढे तीन जागा होत्या. एक हा वर्धेचा घाट. दुसरी अकोल्याची. तिथल्या काही मंडळींना मोर्णा नदीच्या घाटावर बारमाही माणूस हवा होता, आणि माझी सासुरवाडी अकोल्याचीच. तिसरी अमरावतीची. एका आखाड्यानं नवा दगडी हौद बांधला होता, त्यावर देखरेखीला मी हवा होतो. बायकोला वाटलं, मी अकोलाच घेणार. मी हौद घेतला. शहर आहे, नोकरी कायमची आहे, पोरांची शाळा होईल, असं सगळ्यांना सांगत सुटलो. बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला कसं सांगू, की त्या हौदात सुई पडली तरी तळाशी दिसते, आणि मला बाकी काहीच नको आहे? हौदाच्या मंडळींनी ‘यात्रा उरकून सावकाश या’ असं लिहिलं होतं. मी पाटलांना सांगितलं, लगेच बोलावलं आहे.

पाटील चिडले. यात्रा आठ दिवसांवर, आणि पोहणारा आणायचा कुठून? मी म्हणालो, किसन आहे ना.

किसन भातकुलीचा. त्या खाऱ्या पाण्याच्या मुलखातला, गावच्या तळ्यात पोहायला शिकलेला. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, नुकतं लग्न झालेलं. मला गुरू मानायचा, मी सांगेन ती पूर्व. माझी जागा मिळाली म्हणून त्याला कोण आनंद! घाटावर येऊन त्यानं दोर न्याहाळला, आणि लाजत, मान खाली घालून मला विचारलं, “भाऊ, खुंट तुमी बुडी मारूनच ठोकले न?”

“मंग काय हवेतून ठोकले?”

“तसं नाही भाऊ. माह्या मनात होतं, एकडाव मीबी आतून चालून पाहू काय?”

त्या वेळी माझी जी गत झाली ती सांगता येत नाही. तो आत चालला तर त्याच्या पायाला सगळं कळणार होतं. मी नुसतं ‘पाहा’ म्हणालो असतो तर? एक शब्द. त्याऐवजी मी आवाज चढवला. “काहून? माह्यावर भरोसा नाही तुले? मी मेलो काय, का तू माहे खुंट तपासून राह्यला?” पाचपन्नास माणसं होती तिथे, राहुट्या ठोकत होती. सगळ्यांनी वळून पाहिलं. किसन कानापर्यंत लाल झाला. त्यानं माझे पाय धरले आणि चुकलो म्हणाला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

यात्रेच्या दिवशी मी अमरावतीत हौदाच्या काठावर बसलो होतो. पाणी निळं, स्वच्छ, तळाच्या फरशा मोजता येत होत्या. मी त्या मोजत होतो. संध्याकाळपर्यंत काही कळलं नाही, तेव्हा वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी कळलं. सुभद्रा नावाची बाई, अकोल्याकडची, नवरा आणि नणंदेबरोबर आलेली. दोराच्या आत, दुसऱ्या-तिसऱ्या खुंटाच्या अलीकडे, दोघी हात धरून उभ्या होत्या. ती एक पाऊल मागे सरकली आणि नणंदेच्या हातातून निसटली. किसननं चार बुड्या मारल्या. चौथ्या बुडीत ती हाती लागली, पण उशीर झाला होता. तिच्या अंगावर हळदीचं नवं लुगडं होतं, असं सांगणारा सांगत होता. मी त्याला म्हणालो, मला हे सांगू नकोस. त्याला वाटलं, माझं काळीज हळवं.

चौकशी झाली. नायब तहसीलदार गावात आले, चावडीत टेबल मांडलं, मलाही बोलावलं. मी खांबाला टेकून उभा राहिलो. त्यांनी विचारलं, खुंट बुडी मारून ठोकले होते का? हो म्हणालो. आतला घाट तुडवला होता का? हो म्हणालो. पाटलांनी सहा मुठींची साक्ष दिली. मग एकच गोष्ट उरली — यात्रेच्या पोहणाऱ्याचं लक्ष नव्हतं. कुणी म्हणालं तो रेवड्या खात होता, कुणी म्हणालं बायकांकडे पाहत होता. खड्डा म्हणे गर्दीच्या पायांनी पडला असेल. आणि किसन? त्याला विचारलं, तुला खुंटांबद्दल शंका आहे का? मी डोळे मिटून घेतले. तो म्हणाला, “भाऊनं ठोकले म्हंजे बरोबरच असतीन साहेब. मीच कमी पडलो.”

शिक्षा झाली नाही कुणाला. पण किसनला पुन्हा कुठल्या घाटावर कुणी उभं केलं नाही. भातकुलीत बाया त्याला पाहून पदर तोंडावर घ्यायच्या. शेवटी तो अकोल्याला जिनिंगमध्ये सरकीची पोती उचलायला गेला. पाण्यात पुन्हा उतरला नाही, असं ऐकलं. मी मात्र हौदावर पंचवीस वर्षं काढली. माझ्या हौदात एकही माणूस बुडाला नाही, म्हणून शाल दिली मला लोकांनी. खाकी कपड्यातला शिपाई फाटकातून आत आला की आजही माझ्या तोंडचं पाणी पळतं. वाटतं, कुणीतरी ती वाळू ओळखली. घोट्याच्या पाण्यातली वाळू पिवळी असते हो, आणि खोल तळाचा गाळ काळा. एवढं शेंबडं पोरही सांगेल. पाटलांना का दिसलं नाही? दिसलं होतं का?

आता राहिलं ते सांगतो. वळणं संपली.

किसन आजारी आहे, तुमची आठवण काढतो, असा निरोप आला. मी अकोल्याला गेलो, ताजनापेठेत त्याच्या खोलीवर. छाती भरलेली, सरकीच्या धुळीनं आयुष्यभर खोकत आलेला. बायकोला त्यानं बाहेर पाठवलं. माझा हात धरला. मला वाटलं, याला माहीत आहे. आता हा बोलणार. आणि खरं सांगतो, भीतीनं माझं अंग घामानं भिजलं, पण बोल बाबा एकदाचा, असंही वाटलं.

तो म्हणाला, “भाऊ, एवढी वर्सं इचारून राह्यलो सोताले. तुमी सांगा. मी कोठी चुकलो?”

खोलीत आम्ही दोघंच होतो. माझ्या मागे तहसीलदार नव्हता, पाटील नव्हते, पोट भरायची चिंता नव्हती. माझं आता कुणी काही बिघडवणार नव्हतं. तरी मी म्हणालो, “तू दुसऱ्या खुंटापाशी उभं राहाले पाह्यजे होतं.”

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला. म्हणाला, “हो न भाऊ. मलेबी तसंच वाटे.” मग डोळे मिटले. चार दिवसांनी तो गेला.

किसन त्या दिवशी मधोमध उभा होता, तिसऱ्या आणि चौथ्या खुंटांच्या बरोबर मध्ये. तसंच उभं राहायला मी त्याला शिकवलं होतं. घाटाच्या पोहणाऱ्यानं तिथेच उभं राहायचं असतं.