साडेतीन सीसी

"वो सब ठीक है, पर वॉल्व बंद कब होता है?"

सीपरी बाजारातल्या त्यांच्या वर्कशॉपात कुणी मोटरसायकलसाठी नवा पिस्टन घेऊन आला, की काका चष्मा कपाळावर सरकवून आधी हे विचारत. गिऱ्हाईक डब्यावरचा दाबाचा आकडा दाखवी. "काकाजी, ग्यारह का कम्प्रेशन है।"

"वो डब्बे का है। आपके इंजन का निकालना पड़ेगा।"

मग फरशीवर खडूने चित्र निघे. पिस्टन खालून वर निघतो, तरी आत हवा घेणारा वॉल्व थोडा वेळ उघडाच असतो. तोवर हवा दाबली जात नाही, आल्या वाटेने परत जाते. वॉल्व मिटल्यावर जो उरतो, तो खरा दाब. तो कमी पडला तर गाडी मरगळते, जास्त झाला तर पिस्टन जळतो.

काका झाशीच्या जुन्या मराठी घरातले. गिऱ्हाइकांशी हिंदी बोलत, माझ्याशी मराठी आणि न सुटणाऱ्या बोल्टाशी बुंदेली.

त्यांचं मोजणं तुम्ही पाहायला हवं होतं. सिलिंडरचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उलटं ठेवून त्यावर ते काच बसवत आणि आतली पोकळी मापायला तिच्या भोकातून सिरिंजने तेल सोडत. शेवटच्या थेंबांना श्वास रोखून धरत. वॉल्व नेमका कुठे मिटतो, तेही अंशांची चकती लावून स्वतः पाहत. मग वहीत गणित. यात दोन दिवस जात. लोक कंटाळून दुसरीकडे जात, त्याचं त्यांना काही वाटत नसे.

माझ्या मोटरसायकलचं इंजिन त्यांनीच बांधलं. आठवडाभर मी ते इलाइट चौराह्यापर्यंत रोज पळवलं. मग मे महिन्यात बायकोला घेऊन पचमढीला निघायचं ठरलं. सकाळी सामान बांधून झालं होतं, तेवढ्यात सिविल लाइन्समधल्या आमच्या फाटकाशी ऑटो थांबली. काका उतरले. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, काखेत वही.

"भैया, गाडी काढू नका. माझं चुकलंय."

त्यांनी गाडीच्या सीटवरच वही उघडली. हेड खरादवाल्याकडून लेथवर घासून आणल्यावर त्यातली जागा कमी झाली होती, आणि काकांनी ती परत मापली नव्हती. गणितात जुनाच आकडा धरला होता. "खरा दाब साडेआठ म्हणालो होतो. सव्वानऊच्या आसपास असणार."

"पण काकाजी, आठ दिवस चालतेय. आवाजसुद्धा नाही."

"इथे तुम्ही एकटे, सपाट रस्ता. तिकडे दोघं, सामान, घाट, वरून हे ऊन. पिस्टनला भोक पडेल."

रजा मोठ्या मुश्किलीने मिळाली होती. मी चिडून म्हणालो, "मग काल का नाही सांगितलंत?"

"काल मला माहीत नव्हतं. आज पहाटे वही चाळताना दिसलं."

बायको म्हणाली, "तुम्ही बोलला नसतात तर कुणाला कळलंही नसतं."

काका तिच्याकडे बघून म्हणाले, "मागे तुम्ही बसणार होतात, सूनबाई."

मी सामानाच्या दोऱ्या सोडायला लागलो.

दुपारपर्यंत वर्कशॉपात आम्हा दोघांसमोर इंजिन उघडलं होतं. काकांनी तेल सोडलं आणि सिरिंज माझ्यापुढे धरली. "किती दिसतंय?" मी सांगितलं. मग तीच बायकोपुढे धरली. तेव्हा आम्हाला कळलं, की त्यांना सिरिंजवरच्या बारीक रेघा दिसत नव्हत्या. आम्हा दोघांचा आकडा जुळला, तसा त्यांनी तो वहीत लिहिला. जुन्या मापापेक्षा साडेतीन सीसी कमी. खाली लिहिलं, 'चूक माझी', आणि सही केली.

आतली जागा पुन्हा वाढावी म्हणून सिलिंडरखाली पत्रा कापून बसवला, पुन्हा मापलं, आणि आम्ही तीन दिवस उशिरा निघालो. घाट गाडी एका दमात चढली.

त्यानंतर काकांनी नवं काम घेतलं नाही. डोळ्यांच्या इलाजासाठी मुलीकडे नागपूरला जायचं ठरलं. मी त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो, तेव्हा ते म्हणाले की स्वतः बांधलेल्या गाडीवर ते पहिल्यांदाच बसताहेत. पुलाच्या चढावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"गिअर बदलू नका. ऐकू द्या."

चढ संपेपर्यंत ते मान कलती करून ऐकत राहिले.

स्टेशनवर उतरल्यावर म्हणाले, "बरी चालते." मी बॅग घेऊन सोबत येऊ लागलो, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि पायाने एकेक पायरी चाचपत, कठडा धरून, ते जिना चढू लागले.