तळाच्या ओळीतला टी

डोळ्यांच्या दवाखान्यात किस्से शोधावे लागत नाहीत, तेच चाचपडत येऊन तुमच्यावर आदळतात! नव्वदच्या दशकात शिवाजीनगरला (पुण्यातल्या नव्हे, कन्नड मुलखातल्या) आमच्याकडे लेसर मशीन नवंनवं आलं, तेव्हा मी तिथं नंबर तपासायचे. डॉक्टर साने पुण्याचे. कन्नडच्या नावानं बोंब.

पहिल्याच आठवड्यात टेबलावर झोपवलेल्या एका काकांनी "बेडा! बेडा!" असा धोशा लावला. साने माझ्यावर डाफरले, "अहो, त्यांना दुसरा बेड द्या ना!"

मी म्हटलं, "डॉक्टर, बेडा म्हणजे नको. त्यांना ऑपरेशनच नकोय!"

चिकपेटच्या साडीवाल्या रामण्णांना सान्यांनी दोन पर्याय समजावले. एकात बुबुळाचा वरचा थर खरवडून लेसर मारायचा. चार दिवस ठणका. दुसऱ्यात पातळ झाकण उचलायचं, आत लेसर मारायचा, झाकण परत बसवायचं. टाके नाहीत.

"म्हणजे फॉल लावायचा, पण शिवायचा नाही?" रामण्णा उठलेच. "सरी, ठीक आहे, घरी विचारून येतो!" ते आजतागायत विचारतायत.

आणि आमची पद्मा! नंबर उणे पाच, आणि पीएसआय व्हायचंच म्हणून हटून बसलेली. मेडिकलला चष्मा चालत नव्हता आणि वय निघून चाललं होतं. साने म्हणाले, "वर्षभर नंबर वाढला नाही, तरच लेसर." तर या पठ्ठीनं अख्खा चार्टच पाठ केला!

एकदा रंगकामासाठी चार्ट उतरवला होता. पद्मा आली, चष्मा काढून बसली आणि मी भिंग लावायच्या आतच कोऱ्या भिंतीवरून शेवटची ओळ घडाघडा वाचून मोकळी! मला हसू आवरेना. ती मात्र रडायला लागली. "हसू नका अक्का. मला दुसरं काहीच नकोय हो." मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरा नंबर वाढला होता. ती आणखी वर्षभर थांबली, तेव्हा कुठं नंबरही थांबला. मग बुबुळच पातळ निघालं, झाकणाचा पर्याय बाद झाला.

"मग खरवडा," ती म्हणाली. "ठणकू दे."

तीन महिन्यांनी तिनं चष्म्याशिवाय सगळा चार्ट वाचला. साने मान हलवत म्हणाले, "तुला पाठ आहे."

"उलटा वाचू?"

"तोही पाठ असेल!"

पद्मा भडकली. "सरी! तळाला छापखान्याचं नाव आहे, ते वाचू? ते तर कुणी पाठ करत नाही ना? पण डॉक्टर, 'प्रिंटर्स'मधला टी कुठाय?"

साने उठले, स्वतःचा चष्मा पुसला आणि चार्टला नाक लावून उभे राहिले. टी नव्हता!