शुभेच्छुकांच्या रांगेतून

"संदीपला काढा."

बंटीदादाचा माणूस शेजारच्या खुर्चीवर चहा पीत सांगत होता. सकाळचे अकरा वाजले होते. शिरूरच्या बाजारात माझं फ्लेक्सचं दुकान. बोर्ड डिझाइन करायचे आणि छापून द्यायचे, हे माझं काम. स्क्रीनवर दादाच्या वाढदिवसाचा बोर्ड होता, खाली शुभेच्छुकांचे चौदा फोटो. त्यातला सहावा संदीप, माझ्या चुलत बहिणीचा मुलगा. मार्केट यार्डात टेम्पो चालवायचा.

"का हो?" मी विचारलं.

"दादा म्हनले. बाकीचे जरा सरकवा. गॅप दिसाय नको."

मी फोटो डिलीट केला, बाकीचे सरकवले. एका मिनिटाचं काम. पण तो माणूस गेल्यावर मी पुढच्या कामाला हात लावला नाही.

कारण सांगते. बंटीदादाच्या ह्या पोरांचा पहिला बोर्ड मीच केलेला. तेव्हा ते साधं गणेश मंडळ होतं. वर गणपती, खाली सगळे कार्यकर्ते सारख्या साईजचे. पुढच्या वर्षी गणपती कोपऱ्यात गेला आणि नाव झालं 'मित्र परिवार'. मग कंपन्यांच्या भंगाराचे ठेके ह्यांनाच मिळायला लागले. दुसऱ्या कुणी घेतले तर त्याच्या गाडीच्या काचा फुटायच्या. 'मित्र परिवार'चा 'ग्रुप' झाला. दादा बोर्डवर पुरुषभर उंच झाला, डोळ्यांवर गॉगल, पाठीमागे सिंह. आमच्यात मजकुराला 'मॅटर' म्हणतात. मॅटरमध्ये 'समाजसेवक' होतं, तिथं 'नाद करायचा नाय' आलं. पोलिसांच्या कागदावर ती टोळी कधी झाली मला ठाऊक नाही. माझ्या कॉम्प्युटरवर चौथ्या वर्षी झाली.

त्याच वर्षी असाच निरोप आला होता, "ह्याला काढा." तो ग्रुप फोटो होता. दादाच्या शेजारचा गडी मी कडेकडेनं कापून बाहेर काढला. आमच्या भाषेत 'कटिंग'. घाईत चूक झाली. माणूस गेला, पण दादाच्या खांद्यावरचा त्याचा हात तसाच राहिला. बोर्ड चौकात आठ दिवस लटकला. खाली लोक वडापाव खात उभे असायचे. हात कुणाचा, म्हणून एकानंही विचारलं नाही. नवव्या दिवशी तो गडी नदीच्या पुलाखाली सापडला.

पुढच्या वर्षी आणखी एक काढला. आठवड्याच्या आत त्याचं मनगट कुणीतरी तोडलं. योगायोग असेल, आपल्याला काय करायचंय, गिऱ्हाईक आहे, असं मी स्वतःला समजावलं. लाज वाटते आता सांगायला.

पोलिसांत जाऊन काय सांगणार? फोटो काढला म्हणून तक्रार? मी संदीपलाच फोन लावला.

"मावशे, माल भरतुय."

"मरू दे माल! आत्ताच्या आत्ता दुकानात ये."

आला तो हसतच. "दादा मला भाऊ मानतोय. तू काय बी डोक्यात घेतीस बघ."

मी वाद घातला नाही. जुन्या फाईली एकेक उघडत गेले आणि बोट ठेवत गेले.

"हा कुठंय?"

"गेला. पुलाखाली."

"हा?"

"त्याचं मनगट..."

मग त्या पहिल्या गड्याचा, हात राहिलेला बोर्ड उघडला. संदीपचं हसू मावळलं. त्यानं स्क्रीनवर त्या खांद्यावरच्या बोटांवर बोट टेकवलं.

"मावशे, ह्याला जेवायला न्यायला मीच गेलतो. मला ठावं नव्हतं गं. आईशप्पथ."

"आणि आज?"

"आज राहू गावच्या मळ्यात जेवण हाय. मला न्यायला येणार हायेत. दीड वाजता."

भिंतीवर घड्याळ होतं. दोघांनीही वर बघायची हिंमत केली नाही.

मी त्याला मागच्या दारानं काढलं, स्कूटीवर घालून स्टँडवर नेलं, दौंडच्या एसटीत बसवलं. फोन माझ्याकडेच ठेवून घेतला. "दौंडला जी रेल्वे मिळेल तिच्यात चढ. कुठं उतरलास ते मला सांगू नको." दीड वाजता माझ्या टेबलावर त्याचा फोन वाजायला लागला. वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. मी वेड्यासारखी त्याच्यावर खुर्चीतली उशी दाबून बसले.

चौथ्या दिवशी बंटीदादा स्वतः आला. दहीहंडीचा बोर्ड करायचा होता. गॉगल काढून शांत बसला.

"संदीप कुठं दिसला का वो, ताई?"

"नाही."

"बरं."

डिझाइन त्याला आवडलं. उठता उठता त्यानं स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट टेकवलं. प्रत्येक फ्लेक्सवाला बोर्डच्या खाली बारीक अक्षरात आपल्या दुकानाचं नाव टाकतो, तसं माझंही होतं.

"ह्या टायमाला हे काढा."

मी नाव सिलेक्ट केलं आणि डिलीट दाबलं. नाव गेलेलं बघितल्यावरच तो निघाला. चहा छान झाला होता म्हणाला.

त्याच आठवड्यात मी शटर पाडलं. आता मी दुसऱ्या जिल्ह्यात लग्नपत्रिका छापते. संदीप जिवंत आहे. कुठं ते मला माहीत नाही आणि तेच बरं आहे. ह्या धंद्यात नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगेन: गिऱ्हाईक कुणाला काढायला सांगत असेल, तर माऊसला हात लावण्याआधी त्या माणसाला एक फोन करा.