सोजरअक्कांचा तांब्या

झेरॉक्सचं मशीन सकाळी गरम व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात समोरचा माणूस काही गप्प बसत नाही. आधार कार्डाची कॉपी काढायला आलेला एक किस्सा सांगून जातो, पॅन कार्डवाला त्याला शेपूट जोडतो. लातुरात या चौकात माझं दुकान इतकी वर्षं आहे, की आता दुकानात कागद कमी आणि किस्से जास्त झालेत. त्यातले निम्मे तरी सोजरअक्कांचे.

सोजरअक्का म्हणजे आमच्या वॉर्डाच्या नगरसेविका. मधली काही वर्षं निवडणूकच नव्हती, प्रशासक होते, तरी लोक नळाची तक्रार घेऊन अक्कांकडेच जायचे. त्यांचं संपर्क कार्यालय माझ्या दुकानाच्या अगदी समोर, आणि माझ्या शेजारी हमीदभाई टेलर. म्हणजे अक्कांचं सगळं राजकारण आम्ही दोघांनी पहिल्या रांगेत बसून बघितलंय, तेही फुकटात!

किस्से तसे हसण्यासारखेच आहेत. निदान सुरुवातीला आम्ही हसायचो.

*

दुसऱ्या नगरसेवकांची कार्यालयं बघा. काच, एसी, फिरती खुर्ची. अक्कांचं कार्यालय म्हणजे पत्र्याचं शेड! वर पत्रा, खाली सतरंजी, आणि पुढच्या बाजूला नुसती चौकट. दार नाहीच.

एकदा पक्षाचे एक बडे नेते आले. गाड्यांचा ताफा, हारतुरे, सगळं झालं. शेडमध्ये वाकून शिरता शिरता ते म्हणाले, "ताई, एवढी वर्षं निवडून येताय, एक पक्कं ऑफिस बांधा की! आणि याचं दार कुठं गेलं?"

"दार अडकतंय, साहेब."

"मग सुताराला बोलवा!"

"सुताराला बोलवाया आधी भायेर तर पडाया पायजे."

नेते खो खो हसले. नेते हसले म्हणून कार्यकर्ते हसले. अक्का तेवढ्या हसल्या नाहीत.

*

सर्वसाधारण सभेत प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते. अक्कांची कायम रिकामी. त्या दारापाशी, चौकटीला पाठ लावून उभ्या असायच्या. नालीचा प्रश्न तिथूनच विचारायच्या, उत्तरही तिथूनच ऐकायच्या.

एक नवा पत्रकार होता. अक्का दारात दिसल्या, की बिचारा माईक घेऊन धावत यायचा. "ताई, सभात्याग कशाच्या निषेधार्थ?"

"कायचा त्याग? मी हितंच हाय की!"

शेवटी एकदा महापौरच म्हणाले, "अक्का, आत येऊन बसा. छत मजबूत आहे."

अक्कांनी वर बघितलं. मग महापौरांकडे बघितलं. "आमचं घर बी लई मजबूत व्हतं, साहेब. दगडाच्या भिती व्हत्या, दोन-दोन हात रुंद."

त्या दिवशीचे विषय म्हणे चर्चा न होता पटापट मंजूर झाले!

*

निवडणूक आली, की कुणी डबे वाटतं, कुणी भिंतीवरची घड्याळं. अक्का शिट्ट्या वाटायच्या! त्याही प्लॅस्टिकच्या नाही, चांगल्या स्टीलच्या, दोऱ्यात ओवलेल्या. निवडणूक नसली तरी वाटायच्या. वॉर्डात बाळाला पाळण्यात घातलं, की अक्का हजर आणि पाळण्याच्या दोरीला शिट्टी. आमच्या वॉर्डातली पोरं बोलायच्या आधी शिट्टी वाजवायला शिकली. दुपारची झोप हा प्रकार आमच्याकडे बंदच झाला.

हमीदभाई वैतागून म्हणाले, "अक्का, इलेक्शन का निशान शिट्टी है क्या तुम्हारा?"

"न्हाई वो भाई. निशानी तर येगळीच हाय."

मला राहवलं नाही. "मग शिट्टीच का, अक्का?"

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मानसाचा आवाज खालून वर येत न्हाई, बापू. कितीबी वरडलं तरी येत न्हाई. शिट्टीचा येतोय."

 मी घरी गेलो आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिलेली आमची शिट्टी काढून पलंगाच्या उशाशी अडकवली.

*

वॉर्डात कुणी घर बांधलं, की वास्तुशांतीला नगरसेवकाला बोलवावंच लागतं. अक्का यायच्या, प्यायला पाणी मागायच्या. पाणी पिऊन झालं, की तिथंच खाली बसून रिकामा तांब्या फरशीवर वाजवायच्या. ठक ठक. थोडं थांबून, ठक. आणि मग सरळ फरशीला कान! पंगत वाढून तयार, वाढपी हातात वरणाची बादली घेऊन उभे, आणि आमच्या नगरसेविका जमिनीवर आडव्या!

माझ्या घरी हेच झालं. बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. अक्का उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "तुमच्या घराखाली कोनी न्हाई. सुखानं ऱ्हावा."

आता ही काय वास्तुशांतीला बोलायची गोष्ट झाली? पण खोटं कशाला बोलू, ऐकून मला फार बरं वाटलं. मी हे हमीदभाईंना सांगितलं, तर ते लगेच शेडमध्ये जाऊन उभे. "अक्का, हमारे घर का बी सुन लेव ना जरा!" होता होता ती रीतच पडली. प्लॉट घेणारे लोक सातबारा नंतर बघायचे, आधी अक्कांना रिक्षात घालून न्यायचे. आमच्या भागात प्लॉटचा भाव रस्त्यावर नाही, अक्कांच्या कानावर ठरायला लागला.

एका घरी मात्र अक्कांनी कान लावला तो लावलाच. बराच वेळ. मग उठल्या, चपला घातल्या आणि कुणाशी एक शब्द न बोलता निघून गेल्या. जेवल्यासुद्धा नाहीत. त्या घरात पुढं काहीही झालं नाही. पण ती माणसं दिवाळीच्या आत सगळं सामान घेऊन अहमदपूरला गेली. घर अजून रिकामंच आहे.

*

एका दुपारी लाईट गेली. माझं मशीन बंद. हमीदभाईंचं पायाचं, ते चालू. अक्का उकाड्यानं आमच्या पायरीवर येऊन बसल्या. हमीदभाईंनी एकदम विचारूनच टाकलं, "अक्का, आखिर सुनते क्या जी तुम?"

अक्कांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. भूकंपात त्यांचं गाव गेलं. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं. ते बघून आल्या आणि दमून अंगणातच आडव्या झाल्या, म्हणून वाचल्या. धाकटी बहीण छबी आत निजली होती.

"सपनात पडावं तसं घर बसलं. मग ढिगाऱ्याखालनं आवाज आला. छबी उशाला पान्याचा तांब्या घिऊन निजायची. ठक ठक, आन मग ठक. दार उघडाया उशीर झाला, की ती आसंच वाजवायची, ल्हानपनापून. मी म्हनलं, थांब छबे, आलेच. आन मानसं बोलवाया गेले."

अक्का रस्त्याकडे बघत होत्या.

"मानसं घिऊन आले तर गल्ली कुठली, घर कुठलं, काईच वळखू येईना. समदा दगूडच. लई उकरलं आमी, हातानं. दुसरीकडंच उकरलं आसंल."

छबी सापडलीच नाही. हमीदभाईंचा पाय मशीनवर थांबला होता. अशा वेळी मला नेमकं नको ते सुचतं. मी म्हणालो, "पण अक्का, ते गाव तर तिकडं औशाच्या पलीकडं. इथं लातुरात फरशीला कान लावून काय उपयोग?"

अक्कांनी माझ्याकडे लहान पोराकडे बघावं तसं बघितलं.

"भुई काय तालुका बघून हालती का, बापू?"

*

आमच्या वॉर्डाच्या मधोमध एक मोकळं मैदान आहे. दुपारी बायकांची वाळवणं, संध्याकाळी पोरांचं क्रिकेट. इतर वॉर्डांत लग्नकार्यासाठी सभागृहं झाली, आमच्या वॉर्डात नाही. कारण जागा म्हणजे हे मैदानच, आणि त्यावर अक्का एक वीट रचू देत नव्हत्या. "उद्या पळायची येळ आली तर मानसं पळून जातील कुठं?" एवढंच त्यांचं म्हणणं. पोरींची लग्नं तोंडावर आलेले लोक चिडायचे. कार्यकर्त्यांनीही स्पष्ट सांगितलं, "अक्का, सभागृह द्या, न्हाईतर यंदा सीट गेली समजा."

"जाऊ द्या," अक्का म्हणाल्या.

आता आपल्या जिल्ह्यात जमिनीतून मधूनच गूढ आवाज येतो, यात नवीन काही नाही. पेपरात छापून येतं, घाबरू नका म्हणून अधिकारी सांगतात, आणि आपण घाबरतो. त्या वर्षी एका दुपारी आमच्याकडेही आला. धम्म! रॅकवरची भांडी वाजली, पत्रे थरथरले, आणि सगळा वॉर्ड मैदानात! कुणाच्या हातात कुकर, कुणाच्या तोंडाला साबण. हमीदभाई गळ्यात टेप आणि हातात अर्धवट शिवलेलं ब्लाउज घेऊन पळत होते, आणि मागून ब्लाउजची मालकीण ओरडत होती, "वो भाई, माझं कापड घिऊन कुठं निघाले?"

मैदानात अक्का आधीच बसलेल्या. शेजारी तांब्या.

"अक्का, तुम्ही कधी आलात?"

"सकाळधरनं हितंच हाय."

"पण आवाज तर आत्ता झाला!"

"हाव. पर भुई सकाळधरनं गप गप व्हती."

 आणि लोकांचं म्हणाल, तर आठ दिवसांत तेच लोक पुन्हा सभागृह मागायला शेडमध्ये! गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय.

*

शेवटी निवडणूक लागली आणि अक्कांच्या विरोधात शिवा उभा राहिला. शिवा आमच्या डोळ्यांसमोर वाढलेलं पोरगं. त्याच्या पाळण्याला शिट्टी अक्कांनीच बांधलेली. प्रचारात तो एकच बोलला, "मला निवडून द्या, मैदानावर सभागृह घ्या!" आणि निवडून आला.

निकालाच्या दिवशी अक्कांनीच त्याला पेढा भरवला. "चांगलं काम कर, लेकरा. फकस्त मैदान सोड." शिवा पाया पडला. पण मैदान काही सोडलं नाही.

भूमिपूजनाला सकाळी सगळा वॉर्ड जमला. मंडप, नारळ, हार घातलेला जेसीबी. शिवा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. मी आणि हमीदभाई खुर्च्यांवर. तेवढ्यात अक्का आल्या, हातात तांब्या. लोकांनी वाट करून दिली. मागं दोन-चार पोरं फिदीफिदी हसली. जिथं कुदळ मारायची खूण केली होती तिथंच अक्का खाली बसल्या, तांब्यातलं पाणी बाजूला ओतलं आणि त्याचं बूड मातीवर वाजवलं. ठक ठक. थांबून, ठक. मग कान टेकला.

"अक्का, उठा की आता," शिवा खाली वाकून हळूच म्हणाला. "लोकं बघून राहिलेत."

अक्कांनी डोळे न उघडता नुसतं बोट वर केलं. जेसीबीवाल्यानं काय समजून कुणास ठाऊक, मशीन बंद केलं. मंडपातलं गाणं कुणीतरी थांबवलं.

आणि खालून आलं. ठक ठक. मग थांबून, ठक.

मी ऐकलं. हमीदभाईंनी ऐकलं, कारण माझं मनगट त्यांनी असं आवळलं, की अजून दुखल्यासारखं वाटतं. हसणारी पोरं आईला जाऊन चिकटली. शिवाच्या हातातला नारळ खाली पडला.

अक्का मात्र घाबरल्या नाहीत. त्यांनी मातीला तोंड लावलं आणि शेजारच्या खोलीत हाक मारावी तशा म्हणाल्या, "थांब छबे, आलेच."

मग पदर खोचला. जेसीबीवाल्यानं घाईघाईनं चावी फिरवली, तशा त्या ओरडल्या, "मशीन नगं! हातानं!"

पहिला शिवा गुडघ्यावर बसला. मग हमीदभाई. मग मी. मग कुणी कुणाला न विचारता सगळा वॉर्ड. हाताला लागेल ती काळी माती आम्ही उकरत होतो, नखं तुटेपर्यंत. शिवाच्या पांढऱ्या बाह्या कोपरापर्यंत काळ्या झाल्या होत्या, आणि तो खड्ड्यात तोंड घालून ओरडत होता, "छबीमावशी, थांब! आलोच!"